मामीची बावीस फुलं आणि एक फॉरवर्ड

ऐरोलीच्या मामीने परवा फोटो पाठवला. ताटात लाल भोपळ्याची पिवळीधमक फुलं, मोजून बावीस. खाली लिहिलेलं, "सगळी नर होती, काढून टाकली. आता बघ भोपळे!" हे शहाणपण आलं 'भोपळा धरत नाही? पाच उपाय' या व्हॉट्सॲप मेसेजमधून. तो माझ्याकडेही तीनदा आलाय, म्हणून आता लिहितेच.

उपाय पहिला: "नर फुलं वांझ असतात, वेलाची ताकद खातात, दिसली की खुडा." अहो, मग पराग कोण देणार? भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नराचा देठ लांब, बारीक. मादीच्या पाकळ्यांखाली गोटीएवढा भोपळा आधीच दिसतो. नर फुलं आठ-पंधरा दिवस आधी सुरू होतात आणि पुढेही संख्येने जास्तच असतात. मेसेजवाल्याला नेमका तोच रोग वाटला. मादी फूल एकाच सकाळी उमलतं, ऊन चढलं की मिटतं ते कायमचं. तेवढ्या वेळात पराग पोचला नाही तर गोटी पिवळी पडून गळते. मामीच्या तीन गळल्या. तिच्या मते खत कमी पडलं.

दुसरा: "परागाचं काम वारा करतो." नर फुलात बोट घालून बघा. पराग हळदीसारखा चिकटतो, जडही असतो; तो वाऱ्यावर कुठे जाणार? लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात 2007 साली जगभरच्या पिकांचा आढावा आला होता. परागवाहक, म्हणजे मधमाश्यांसारखे पराग वाहून नेणारे कीटक, नसले तर उत्पादन 90 टक्के किंवा अधिक घटेल, अशी 13 पिकं त्यात निघाली. भोपळा त्यांतला एक.

आणि तिसरा उपाय काय, तर "फुलांवर माश्या घोंघावल्या की औषध फवारा"! म्हणजे सातेरी मधमाश्या आपणच मारायच्या.

"दुधीशेजारी लावला तर भोपळा कडू होतो" हेही खोटं. दुधीची फुलं पांढरी, संध्याकाळी उमलणारी. दोघांचा संकर होतच नाही.

राहिला पाचवा, शेंडा खुडण्याचा. बरं, यात तथ्य आहे. शेंडा खुडला की पानांच्या बगलेतून फुटवे येतात, आणि त्या बगलफुटव्यांवर मादी फुलं जास्त येतात. एवढं एक वाक्य ठेवून बाकीचा मेसेज पुसला असता तरी चाललं असतं.

ऑगस्टच्या झडीत मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा काम आपल्यालाच करावं लागतं. सकाळी सातच्या सुमारास ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या आतल्या गड्ड्यावर हलकेच फिरवायचा. झालं. उरलेल्या नर फुलांची भजी करा, माझी हरकत नाही; मामीने त्या बावीसांची केलीच. "पण कुरकुरीत झाली हो," म्हणाली. उद्या पहिली गाडी पकडून ऐरोलीला जातेय. तोवर वेलाला हात लावू नकोस, असं तिला बजावलंय.