लाल अळी, डेंगी आणि एक धूसर फोटो

सोलापूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "टाकीत लाल अळी दिसली की डेंगी आलाच. रक्त पिऊन ती लाल होते. पोटात गेली तर ताप. पाण्यात तुरटी फिरवा, मरते." सोबत बादलीतल्या लाल ठिपक्याचा धूसर फोटो.

आधी रंग. ही अळी बहुधा कायरोनोमसची, म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कीटकाची. ती कुणाचं रक्त पीत नाही. तिच्याच रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या गाळातही ती तगते. ती टाकीत सापडली तर तळाशी गाळ साचलाय, एवढं मात्र खरं. तेव्हा टाकी धुवाच.

डेंगीची अळी, म्हणजे एडिस डासाची, लाल नसते. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, कायरोनोमसची कोवळी पिल्लंही फिकट असतात. खरी खूण वागण्यात आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि थोडा वेळ हलवू नका. डासाची अळी श्वासासाठी वर येते. एडिस आणि क्युलेक्स या डासांच्या अळ्या शेपटाकडची नळी पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लटकतात; एडिसची नळी आखूड, क्युलेक्सची लांब. मलेरियाच्या अॅनोफिलिसला नळीच नसते, ती पृष्ठभागालगत आडवी पडून राहते. कायरोनोमस तळाशीच वळवळते.

फोटो काढायचा तो याच वेळी, ग्लासच्या बाजूने, मागे पांढरा कागद धरून. मग अळी पांढऱ्या बशीत थेंबभर पाण्यात घ्या, शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. फ्लॅश बंद, पाण्यावर चमक येते आणि नेमकी नळीच दिसत नाही. उजेड खिडकीचा, बाजूने येणारा. मोबाइलवर चिकटवायची मॅक्रो लेन्स असली तर उत्तमच. मेसेजमधल्या फोटोवरून तर ती अळी आहे की दोऱ्याचा तुकडा, हेही सांगता येत नाही!

पोटात गेल्याने डेंगी होत नाही. तो विषाणू बाधित मादी डासाच्या चाव्यातून येतो.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, अळी मरत नाही. नळाला रोज पाणी येत नसल्याने आपल्याकडे घरोघरी बॅरल भरलेले असतात आणि एडिसला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. तिची अंडी पाण्याच्या रेषेवर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही काही महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल नुसता रिकामा करून भागत नाही, आतून काथ्याने घासावा लागतो. भरल्यावर झाकण किंवा कापड घट्ट बांधा.