नीटला किती पडले?

किरगिझस्तान नकाशावर कोठे आहे, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कदाचित चटकन सांगता येणार नाही. आमच्या लातुरात मात्र चहाच्या टपरीवरचे पोरगेही तेथील एमबीबीएसची वर्षाची फी सांगते. आमच्या सहलीचा घोळ झाला तो यामुळेच.

मे महिन्यात कूलरमध्ये बादलीने पाणी ओतता ओतता मी घरात जाहीर केले, की यंदा किरगिझस्तानातल्या तियानशान पर्वतात जायचे. ज्या देशाचा नव्वद टक्क्यांच्या वर भाग डोंगराळ आहे, तेथे निदान ही बादली उचलावी लागणार नाही, एवढाच माझा हिशेब होता. तासाभरात शेजारच्या वहिनी पेढे मागायला हजर झाल्या. "नीटला किती पडले म्हणायचे लेकराला?" लेकरू अजून पाचवीत आहे, असे सांगितल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि हळूच विचारले, "मग भाऊजी, या वयात तुम्हीच का?"

तिकिटांची चौकशी करायला गेलो, तर काउंटरवरच्या तरुणाने मान वर न करता बारावीचा मार्कमेमो मागितला. फक्त फिरायला जायचे आहे, हे त्याला पटवताना माझा घसा कोरडा पडला.

घरी परतून मी पत्नीला इसिक-कुल सरोवराची छायाचित्रे दाखवली. समुद्रसपाटीपासून १,६०७ मीटर उंचीवरचे, सुमारे १८० किलोमीटर लांब, ६६८ मीटर खोल आणि ऐन हिवाळ्यातही न गोठणारे ते पाणी, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढलेली ती बाई बराच वेळ एकटक बघत राहिली. ते किंचित खारट आहे, हे मी वास्तविक लपवायला हवे होते. "एवढं पाणी, अन् तेबी खारट!" म्हणत तिने लॅपटॉप मिटला.

आईला मी कुमिसबद्दल सांगितले. घोडीचे दूध आंबवून करतात, हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे घोडीची आंबील." मेंढपाळ उन्हाळ्यात उंचावरच्या कुरणांवर लोकरीच्या नमद्याचे गोल तंबू उभारून राहतात, पर्यटकही त्यांतच उतरतात, असे सांगितल्यावर तर तिचा प्रश्नच मिटला. "कडब्याची कोपी, रानातलं जेवण, वर आंबील. अरे, ही तर येळवस! तिच्यासाठी इमानात कशाला बसायचं? आपलं रान काय वाईट हाय?" येळवस म्हणजे वेळ अमावास्या, आमच्याकडचा रानात जेवायचा सण. या युक्तिवादावर उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही.

बेत जवळपास मोडल्यात जमा असताना काल त्या काउंटरवरच्या तरुणाचा फोन आला. "सर, सप्टेंबरच्या बॅचला जागा आहे, फीचे हप्ते करून देतो, अन् होस्टेलला आपली भारतीय मेस आहे."

मी नकार द्यायला तोंड उघडणार, तोच आतून आईचा आवाज आला, "ज्वारीची भाकर मिळती का, तेवढं इचार."