मोहरी शिसे पचवत नाही

“खाणीच्या विषारी जमिनीत मोहरी किंवा सूर्यफूल पेरा, एका हंगामात पीक सगळे जड धातू खाऊन टाकते, जमीन शुद्ध होते आणि वर तेलही मिळते,” असा मजकूर सोलापूरच्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर फिरतो आहे. आपल्या जिल्ह्यात धातूची खाण नाही. तरीही जिथे सांडपाणी किंवा कारखान्याचा गाळ शेतात येतो, तिथे कोणी हाच उपाय करू पाहील, म्हणून त्यातील विधाने तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान ‘खाऊन टाकते’ हे. सांडलेले तेल किंवा कीटकनाशक मातीतले जिवाणू मोडून टाकू शकतात. शिसे मात्र मूलद्रव्य आहे, ते शिसेच राहते. वनस्पती फक्त त्याची जागा बदलते. धातू साठवणाऱ्या मोजक्या जाती जस्त किंवा निकेल मुळांतून घेतात, हिस्टिडीन, सायट्रिक आम्ल अशा रेणूंशी बांधून ते पानांपर्यंत नेतात आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, कोंडून ठेवतात, जेणेकरून प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला त्याचा स्पर्श होऊ नये. युरोपातील नोकेया सेरुलेसेन्स या छोट्या रोपाच्या पानांत कोरड्या वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंत जस्त आढळते आणि त्यातले बरेचसे पानाच्या बाह्यत्वचेच्या पेशींत असते. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरील पिक्नॅन्ड्रा अक्युमिनाटा या वृक्षाचा चीक निळसर हिरवा असतो. त्या चिकाच्या कोरड्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेल असल्याचे १९७६ साली प्रसिद्ध झाले. पण पान गळून कुजले की धातू पुन्हा मातीत जातो. नोकेया ही मोहरीच्याच कुळातली आहे, आणि माझ्या मते गैरसमजाचे मूळ इथेच असावे: कूळ एक असले तरी शेतातल्या मोहरीत ही क्षमता नाही.

‘एका हंगामात’ या विधानासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. एक एकर जमिनीच्या वरच्या २० सेंटीमीटर थरात सुमारे १००० टन माती असते. तिच्यात किलोमागे ५०० मिलिग्रॅम शिसे धरले, तर एकूण ५०० किलो शिसे झाले. पिकाचे कोरडे वजन २ टन आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसे, असे उदार गृहीत धरले तरी एका कापणीत २०० ग्रॅमच बाहेर निघते. म्हणजे प्रमाण १०० मिलिग्रॅमवर आणायला २००० पिके घ्यावी लागतील. शिवाय शिसे मातीला घट्ट धरून राहते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत तर जस्तदेखील पिकाला सहज मिळत नाही, म्हणून आपण झिंक सल्फेट टाकतो. ईडीटीए हे धातूला बांधणारे रसायन मिसळून शिसे सुटे करता येते, पण मग ते पाण्याबरोबर खाली झिरपून विहिरीपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो.

चेर्नोबिल या अणुदुर्घटनेच्या ठिकाणाचा दाखलाही त्या मजकुरात आहे. तिथे सूर्यफुले तराफ्यांवर लावून तळ्यातील पाण्यातले किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम शोषून घेण्याचा प्रयोग झाला होता. तो पाण्याचा प्रयोग होता, जमिनीचा नव्हे. जपानमधील फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर तिथल्या मातीत सूर्यफुलाचा उपयोग नगण्य ठरला.

‘हिरवे झाले म्हणजे शुद्ध झाले’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण खाणीच्या मातीवर उगवणारी बहुतेक झाडे धातू साठवणारी नसून तो वरच्या भागात न जाऊ देणारी असतात. वेल्समधील शिशाच्या जुन्या खाणींवर असेच सहनशील गवत वाढते, आणि अशा गवताच्या निवडक जाती खाणीचा कचरा झाकण्यासाठी मुद्दाम पेरल्या गेल्या. आपण उन्हाळ्यात ज्याच्या ताट्या लावतो तो वाळाही धातू मुख्यतः मुळांतच अडवतो. असे गवत धूळ आणि धूप रोखते, आणि ते काम मोलाचेच आहे. माती मात्र दूषितच राहते.

राहिले तेल. तेलात धातू फारसा उतरत नाही, हे खरे. पण सूर्यफुलाच्या बियांत कॅडमियम साठते आणि घाण्यातून ते पेंडीत उरते. ती पेंड जनावरांच्या गव्हाणीत जाते.