अपेंडिक्सचा त्रास: घराण्याचा वारसा आणि अवयवाची जागा

आईला अपेंडिक्सचा त्रास झाला असेल तर मुलांनाही तो होणारच, असा अपेंडिक्सवरच्या एका लेखाचा सूर आहे. तो मला पटला नाही. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा आजार झालेला असल्यास धोका सुमारे तिपटीपर्यंत वाढतो हे खरे, परंतु आयुष्यभराचा मूळ धोकाच शंभरात सात-आठ जणांना इतका असल्याने अशा घरांतीलही बहुतेक माणसे या आजारापासून दूर राहतात. शिवाय एका घरातील माणसे भाकरी-चटणीही एकच खातात, त्यामुळे रक्तातून काय आले आणि आहारातून काय, हे वेगळे करणे अवघड असते.

अपेंडिक्सच्या जागेविषयी मात्र लेखाने अधिक सांगायला हवे होते. बोटासारख्या या छोट्या नळीचे मूळ मोठ्या आतड्याच्या आरंभी ठरलेल्या जागी असते, पण टोक कोणत्या दिशेला जाईल हे माणसागणिक बदलते. अनेकांत ते आतड्यामागे दडलेले असते. अशा वेळी पोटात पुढे फारसे दुखत नाही, उजव्या कुशीत किंवा पाठीकडे कळ येते. आमच्या सोलापुरात, विशेषतः उन्हाळ्यात, अशा दुखण्याला लोक मुतखडाच समजतात आणि बार्लीचे पाणी पीत मोलाचा वेळ घालवतात, याची मला फार काळजी वाटते. टोक ओटीपोटात उतरलेले असेल तर लघवीचा त्रासही होतो. बेंबीभोवती सुरू झालेली कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकली, तर कुटुंबात पूर्वी कोणाची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.