करंट परत जातो, मग बिल कशाचं?

भाऊ, तुमचा सवाल असा: "कूलरमध्ये जितका करंट जातो तितकाच परत येतो म्हणता, मग मे महिन्यात आम्ही बिल कशाचं भरतो? कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा कशाला जाळतात?" टोमणा झकास आहे. आणि 'वीज खर्च होत नाही' हे वाक्य मी आधी ढिलाईनं लिहिलं, ही चूक कबूल. खर्च होत नाही तो विद्युतभार, म्हणजे वायरीतल्या इलेक्ट्रॉनांचा भार; त्याच्या वाहण्यालाच करंट म्हणतात. ऊर्जा घरात येते, पंख्याच्या वाऱ्यात आणि मोटरच्या उष्णतेत जाते, ती काही परत जात नाही.

करंटचं म्हणणं मात्र मागे घेत नाही. रविवारी मेन बंद करून कूलरच्या केबलमधल्या वायरी वेगळ्या केल्या, मग कूलर लावून क्लॅम्प मीटर (वायर चिमट्यात धरून करंट मोजणारं यंत्र) धरला. फेजवर ०.८ अँपिअर, न्यूट्रलवरही ०.८. दोन्ही वायरी एकदम चिमट्यात घेतल्या तर शून्य, कारण एकीतला करंट दुसरीच्या उलट दिशेनं! (तोवर घरचे घामाघूम, माझा उद्धार चालू.)

तोतलाडोहच्या जलविद्युत केंद्रात वरून जितकं पाणी येतं तितकंच खालून बाहेर पडतं. टर्बाइन पाणी पीत नाही. पाणी उंची गमावतं, वीज त्यातून निघते. फेज आणि न्यूट्रलमधला २३० व्होल्टचा फरक म्हणजे आपल्याकडची ती उंची. मीटर इलेक्ट्रॉन मोजतच नाही. क्षणाक्षणाला व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार करून बेरीज मांडतो. छत्तीस लाख ज्यूल झाले की एक युनिट.

कोराडीचे इलेक्ट्रॉन तर तुमच्या घरी येतच नाहीत. वाटेतल्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांत तांब्याचा सांधाच नसतो. शिवाय आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेणारी. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत ०.८ अँपिअरला इलेक्ट्रॉनांचा घोळका मागेपुढे सरकतो तो एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) कमी. केस त्याच्या कितीतरी पट जाड. जागच्या जागी डुलणारे हे इलेक्ट्रॉन. ऊर्जा वाहून आणतं ते वायरीभोवतीचं विद्युतचुंबकीय क्षेत्र.

"याचा आम्हाला उपयोग काय?" असंही विचारलंत. कूलरचा शॉक नागपूरकराला सांगायला नको. ओल्या पत्र्यातून, माणसाच्या अंगातून करंट जमिनीत गेला, की न्यूट्रलवर तेवढा कमी परततो. आरसीसीबी, म्हणजे बोर्डातला गळती ओळखणारा स्विच, हाच फरक हेरतो आणि घरगुती असेल तर ३० मिलिअँपिअरच्या आतच पडतो, म्हणजे वीज तोडतो. तुमच्या बोर्डात तो नसेल, तर पाणी भरताना आधी प्लग काढत जा, भाऊ.