बुरशी म्हणजे सॉफ्ट फोकस नव्हे

फोटोग्राफीच्या गटांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सिनेमाच्या जुन्या लेन्स मुद्दाम धूसर चित्र देण्यासाठीच बनवलेल्या असत. आत बुरशी असेल तर साफ करू नका, खरी जादू तिच्यातच आहे. बुरशी नसेल तर पुढच्या काचेला पेट्रोलियम जेली फासा. मग मिळेल तो अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी रिंग) लावून लेन्स कुठल्याही कॅमेऱ्यावर चढवा. हे वाचून माझा भाचा बुरशी लागलेली लेन्स मुद्दाम शोधायला लागलाय, तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी बुरशी, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्यामुळे होणार आहे. सॉफ्ट फोकस येतो स्फेरिकल अ‍ॅबरेशनमुळे. लेन्सच्या मध्यातून जाणारे किरण एका जागी जुळतात आणि कडेने जाणारे त्याच्या जरा अलीकडे. म्हणून प्रत्येक बिंदूला मधोमध ठाम गाभा मिळतो आणि भोवती मंद प्रभा. पापण्यांचे केस सुटे दिसतात आणि तरीही उजळतात, ते यामुळे. बुरशीच्या तंतूंनी असा गाभा तयार होत नाही. ते प्रकाश वाटेल तसा विखुरतात, सावल्यांवर राखाडी पडदा चढतो आणि काळा रंग काळा राहत नाही.

फरक घरीच तपासता येतो. अंधाऱ्या खोलीत चार-पाच मीटरवर एक बारीक एलईडी लावा, कॅमेरा तिपाईवर ठेवा आणि लेन्सचं छिद्र एफ २, २.८, ४ आणि ५.६ वर ठेवून फोटो काढा (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान, आणि यातली प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप). दर वेळी फोकस नव्याने करा आणि शटरचा वेळ वाढवून उजेड सारखा राखा. अ‍ॅबरेशनची प्रभा ढोबळमानाने छिद्राच्या व्यासाच्या घनाप्रमाणे आक्रसते: एक स्टॉप बंद केला की साधारण एक तृतीयांश, दोन स्टॉप केले की एक अष्टमांश. एफ ४ पर्यंत प्रभा जवळपास गेली तर लेन्स खरोखर सॉफ्ट आहे. एफ ५.६ लाही धुकं तसंच असेल तर आत घाण आहे, बुरशी आहे किंवा चिकटवलेल्या काचांमधला बाल्सम (डिंक) सुटलाय. बुरशीचं धुकं छिद्राने कमी-जास्त करता येत नाही, आणि सॉफ्ट लेन्सची सगळी गंमत तर तो ताबा हातात असण्यात आहे.

शिवाय बुरशी आहे तेवढीच राहत नाही. झाइस कंपनीने याबद्दल स्पष्ट लिहिलंय: आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी वाढते आणि तिच्यातून सुटणारी आम्लं काच खातात. एकदा काच कोरली गेली की साफ करूनही ठसा राहतो. बुरशी दिसली की लेन्स जाणकाराकडून उघडून घ्या. काचांमधलं अंतर किंवा केंद्र जरा चुकलं तरी चित्राची एक बाजू कायमची बिघडते, त्यामुळे घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका.

पेट्रोलियम जेलीत अर्धं तथ्य आहे, ते मान्य. सिनेमावाले ती वापरत, पण लेन्सपुढे धरलेल्या वेगळ्या काचेवर. तुम्हीही साध्या यूव्ही फिल्टरवर कडेकडेने लावा, मधला भाग कोरडा ठेवा. लेन्सच्या काचेवर नको; पुसता पुसता जुनं कोटिंग जातं.

‘सगळ्या जुन्या लेन्स मुद्दाम धूसर’ हेही खोटं. टेलर, टेलर अँड हॉब्सन या लेन्स कंपनीच्या एच. डब्ल्यू. ली यांनी १९२० मध्ये एफ २ ची ओपिक ही लेन्स रचली. कुक नावाने विकल्या गेलेल्या स्पीड पँक्रो या सिनेमा लेन्स त्याच वंशातल्या. भरपूर उजेड आणि शक्य तितकी स्पष्टता हा त्यामागचा हेतू. चेहरा मऊ हवा असेल तेव्हा छायालेखक जाळी किंवा डिफ्यूजन फिल्टर लावत. मुद्दाम सॉफ्ट केलेल्या लेन्स वेगळ्या होत्या, उदाहरणार्थ छायालेखक कार्ल स्ट्रस यांची एकाच भिंगाची पिक्टोरियल लेन्स. छिद्र पूर्ण उघडं असलेल्या पँक्रोला हलकी चमक येते, हे मात्र खरं.

आता अडॅप्टर. लेन्स जिथे बसते तो माउंट आणि सेन्सर (किंवा फिल्म) यांच्यातलं अंतर म्हणजे फ्लँज अंतर. सिनेमा लेन्सच्या पीएल माउंटचं ते ५२ मिमी, मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये सोनी ई चं १८, कॅननच्या आरएफचं २०, निकॉन झेडचं १६. म्हणजे अडॅप्टरची जाडी अनुक्रमे ३४, ३२ आणि ३६ मिमी हवी, आणि तीही अचूक. ०.१ मिमी जास्त झाली तर ५० मिमीची लेन्स साधारण २५ मीटरपलीकडे फोकस होणार नाही आणि २५ मिमीची तर सहा मीटरवरच अडेल. स्वस्त अडॅप्टर म्हणूनच बरेचदा मुद्दाम पातळ बनवतात. खूप दूरचं (अनंतावरचं) फोकस मिळतं, पण लेन्सवरचे अंतराचे आकडे खोटे ठरतात. अडॅप्टर जितका पातळ आहे तेवढ्याच जाडीची शिम (पातळ चकती) त्याच्या रिंगखाली घातली की ते जुळतात. मिचेल बीएनसी या जुन्या सिनेमा कॅमेऱ्याच्या माउंटचं अंतर तर ६१.४७ मिमी, त्याला पीएलचा अडॅप्टर चालणारच नाही.

‘कुठलाही कॅमेरा’ हा सल्ला तर धोक्याचा. कमी फोकल लेंथच्या सिनेमा लेन्सची शेपटी (मागचा भाग) खूप आत जाते. डीएसएलआरमध्ये ती आरशावर आपटू शकते, मिररलेसमध्ये शटरपर्यंत पोचू शकते. आधी कॅलिपरने शेपटी मोजा. ती अडॅप्टरच्या जाडीपेक्षा लांब असेल तर आत किती जागा आहे ते तपासल्याशिवाय लेन्स फिरवू नका. शिवाय या लेन्स साधारण २२ × १६ मिमीच्या चौकटीसाठी केलेल्या. ३६ × २४ मिमीच्या सेन्सरवर आखूड लेन्सचे कोपरे काळे पडतात. ७५ आणि १०० मिमीच्या बरेचदा पुरतात. नाहीतर कॅमेरा क्रॉप मोडवर टाका, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जाईल.

मेसेजमध्ये शेवटी ‘उघड्या छिद्रावर फोकस करा, मग बंद करा’ असंही आहे. सॉफ्ट लेन्सवर हे हमखास चुकतं, कारण छिद्र बंद होताना फोकसची जागा मागे सरकते. ज्या छिद्रावर फोटो काढायचा त्याच छिद्रावर, चित्र मोठं करून फोकस करा. प्रभेला न भुलता आतला गाभा सर्वात बारीक होईल तिथे थांबा. लेन्सला विद्युत जोडणी नसते, म्हणून ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय आधीच चालू करून ठेवा.