‘अक्षरे विस्कटलेला कीबोर्ड’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

गणपतीला आपण मुंबईहून मालवणला आलात, मातोश्रींसाठी आमच्याकडून घेतलेला फोन हाती घेतलात आणि त्यावर मराठी अक्षरे ‘कशीही विस्कटलेली’ पाहून ‘कोणीही वापरत नाही असा सरकारी कीबोर्ड वयस्कर बाईच्या गळ्यात मारला’ असा अभिप्राय लिहून एक तारा दिलात. आईच्या काळजीपोटी आलेली नाराजी आम्ही समजू शकतो. तथापि फोनवरील मांडणी चुकून बसलेली नाही, ती निवडलेली आहे.

या मांडणीचे नाव इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ती भारतीय लिप्यांसाठी प्रमाण ठरवली आणि पुढे १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात तिचा समावेश झाला. पहिल्या नजरेला ती अनोळखी वाटते, हे खरे आहे. विस्कटलेली मात्र ती नाही. बहुतेक स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर क ते प या पाचही वर्गांची पहिली चार-चार अक्षरे उजव्या हाताला आहेत. त्यांतही ‘क’च्या डोक्यावर ‘ग’, ‘च’च्या डोक्यावर ‘ज’, ‘त’च्या डोक्यावर ‘द’ असा क्रम असून, शिफ्ट दाबले की त्याच कळांवर ख, घ, छ, झ, थ, ध मिळतात, म्हणजे शाळेत पाठ केलेली वर्णमालाच दोन ओळींत बसवलेली आहे. गुजराती किंवा कन्नड लिहिणाऱ्यालाही ‘क’ त्याच जागी सापडतो.

फोन घेताना मातोश्री स्वतः काउंटरवर होत्या. नोकरीत संगणकावर आपण याच मांडणीवर मराठी लिहीत होतो आणि बोटांना तीच सवय आहे, असे त्यांनी सांगितले. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय आम्ही दाखवली, ती त्यांनी नको म्हटली. ज्याची बोटे फोनवर फिरणार, त्याचे ऐकायचे, हा आमचा नियम आहे, मग बिल कोणीही भरो.

आपण सुचवलेली इंग्रजी अक्षरांची पद्धत वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. उलट, पहिल्यांदाच मराठी लिहू पाहणाऱ्या तरुण ग्राहकाला आम्ही बहुधा तीच देतो, कारण इनस्क्रिप्ट मुळात दहा बोटांनी न पाहता लिहिण्यासाठी आखलेली आहे. फोनच्या अरुंद पडद्यावर तिच्या कळा बारीक होतात आणि दोन अंगठ्यांना डाव्या-उजव्या हाताच्या वाटणीचा फारसा लाभ मिळत नाही. पण इंग्रजी अक्षरांच्या पद्धतीत फोनला अंदाज बांधावा लागतो. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांना इंग्रजीत एकेकच अक्षर. दर्या आणि दऱ्या तर इंग्रजीत हुबेहूब सारखेच उमटतात, आणि आमच्या किनाऱ्यावर हा फरक अगदीच किरकोळ म्हणता येणार नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ला स्वतःची जागा आहे, त्यामुळे जे दाबले तेच उमटते.

राहिला आपल्या अडचणीचा प्रश्न. एका फोनवर दोन्ही मांडण्या राहू शकतात. सेटिंग्जमध्ये भाषा व कीबोर्डच्या पर्यायांत जाऊन मराठीची दुसरी मांडणी जोडावी. त्यानंतर स्पेसशेजारील पृथ्वीगोलाच्या चिन्हावर बोट ठेवले की मांडणी बदलते. फक्त, जोडताना मातोश्रींची मांडणी काढून टाकू नये, ही विनंती.

मांडणी बसवण्याचे पैसे घेतल्याचा आपण उल्लेख केला आहे. बिलातील ती रक्कम पडद्यावरील काचेची आहे. मांडणी बसवण्याचे आम्ही कोणाकडूनही पैसे घेत नाही. फोन घेऊन आल्यास दुसरी मांडणीही तशीच जोडून देऊ. दुपारी एक ते चार दुकान बंद असते.